एकट्यानें खेळावयाची लढाई



दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या लहानपणीं अंगणाच्या कोपऱ्यांत किल्ला उभा राहत असे. दगड-विटांचा ढीग रचावयाचा, त्यावर जुनें पोतें पसरावयाचें, वरून चिखलाचा गिलावा द्यावयाचा, उतारावर अळीव पेरावयाचे आणि बाजारांतून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करावयाचे, हा उद्योग महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं आजहि चालतो. किल्ला पुरा झाला कीं आम्ही मुलें त्याच्याभोंवतीं उकिडवीं बसत असूं आणि मग प्रश्न पडे : आतां पुढें काय? मावळे सज्ज आहेत, तोफा रोखलेल्या आहेत, पायथ्याशीं शत्रुहि आहे; पण लढाई व्हावयाची कशी? एक जण म्हणे, "माझ्या तोफेनें तुझे दहा मेले." दुसरा म्हणे, "मेले कुठले? ते खालीं वांकले होते." तेथें भांडण जुंपे आणि आईची हांक आली म्हणजे मिटे. आमच्याजवळ डोंगर होता, सैन्य होतें, उत्साह तर वाजवीपेक्षां अधिकच होता. नव्हता तो फक्त नियम.

हा नियम युरोपांत कसा घडत गेला, दोघांचा खेळ एकट्याचा कसा झाला, आणि अखेर ती लुटुपुटीची लढाई पृथ्वी सोडून परग्रहावर कशी गेली, ही हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे, हें मी जाणून आहें. परंतु गणिताचे शिक्षक, सेनाधिकारी आणि कादंबरीकार यांनीं ज्याच्या पायीं दोन शतकें खर्च केलीं, त्या विषयाच्या पोटांत कांहीं गंभीर प्रश्न असला पाहिजे. माझ्या मतें तो प्रश्न असा : समोर दुसरें माणूस नसतां मनुष्य स्वतःशीं प्रामाणिकपणें झुंजूं शकेल काय?

या वाटेला मी कसा लागलों तें आधीं सांगितलें पाहिजे. मी व्यवसायानें शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालों. दर शनिवारीं संध्याकाळीं शाळेंतील एका सहकाऱ्याबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडावयाचा, हा आमचा सत्तावीस वर्षांचा नेम होता. तीन वर्षांपूर्वीं ते निवर्तले आणि पट कपाटांत गेला. एकट्यानें दोन्ही बाजू खेळून पाहिल्या; पण बुद्धिबळांत तें साधत नाहीं. पांढऱ्याच्या मनांत काय आहे तें काळ्यास ठाऊक असतें, कारण मन एकच. धाकट्या मुलानें मोबाइलमधील यंत्राशीं खेळावयास शिकविलें. तें यंत्र मला दर वेळीं हरवी आणि मी कां हरलों तें कधीं सांगत नसे. पुढें मुलगा नोकरीनिमित्त परदेशीं गेला व जातांना माळ्यावर टाकण्यासाठीं एक खोकें देऊन गेला. त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे रंगविलेले पुतळे होते : कोणी अंतराळांतील पोशाख केलेले सैनिक, कोणी पोलादी यंत्रमानव, कोणी सहा पायांचे विचित्र प्राणी. सोबत नियमांचें एक पुस्तक, कांहीं फांसे आणि एक मोजपट्टी. नियम दोन खेळाडूंसाठीं होते आणि मी तर एकटा. तेथून माझा शोध सुरू झाला.

आरंभ आपल्या घरापासून करूं. बुद्धिबळाचें मूळ आपल्या चतुरंगांत आहे, हें सर्वश्रुत आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें पटावर मांडिलीं म्हणून तो चतुरंग. सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या हर्षचरितांत त्याचा उल्लेख येतो. अकराव्या शतकांत अल्‌बेरूनीनें हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत चौघांनीं फांशांवर खेळावयाच्या बुद्धिबळाचें वर्णन आहे. दान पडेल त्याप्रमाणें कोणतें मोहरें हालवावयाचें तें ठरे. जें दोघांचें बुद्धिबळ आपण खेळतों, त्यांत फांसा नाहीं. निव्वळ बुद्धीचा खेळ म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यहि आहे. परंतु लढाईचें एक मोठें सत्य त्यांत उरत नाहीं. रणांगणावर सेनापतीची इच्छा आणि शिपायाचें पाऊल यांच्यामध्यें पाऊस, चिखल, भीति, चुकलेला निरोप आणि भिजलेली दारू हीं उभीं असतात. पटावरचें प्यादें मात्र कधीं घाबरत नाहीं.

इ. स. १७८० मध्यें जर्मनींतील ब्रन्स्विक येथें हेल्विग नांवाच्या गणिताच्या शिक्षकानें हा पट ताणून त्याचें रणांगण केलें. चौसष्ट घरांच्या जागीं त्यानें ४९ गुणिलें ३३, म्हणजे १६१७ घरें आंखलीं आणि घरांस निरनिराळे रंग देऊन डोंगर, दलदल व पाणी दाखविलें. राजवाड्यांतील विद्यार्थ्यांस युद्धशास्त्र शिकवावें हा त्याचा हेतु. आमच्या धंद्यांतल्या माणसानें ही सुरुवात केली, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

पुढलें पाऊल प्रशियांत पडलें. रायस्विट्झ नांवाच्या एका सरकारी अधिकाऱ्यानें १८१२ सालीं तेथील राजास खणाखणांचें एक सुरेख मेज सादर केलें. डोंगर, नद्या, रस्ते यांचे सुटे तुकडे त्याच्यावर हवे तसे जुळवून नवा मुलूख मांडतां येई. घरें गेलीं आणि अंतर मोजावयास पट्टी आली. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें बापाच्या कल्पनेला शिस्त लावून १८२४ सालीं नियम प्रसिद्ध केले. मेजाऐवजीं नकाशा, त्याचें प्रमाण आठ हजारास एक, सैन्याच्या जागीं लाल व निळे ठोकळे, आणि प्रत्येक पाळी म्हणजे युद्धांतलीं दोन मिनिटें. गोळीबाराचा परिणाम फांसा टाकून कोष्टकावरून काढावयाचा. सरसेनापतीच्या कचेरीचा प्रमुख जनरल म्यूफ्लिंग प्रथम उदासीनपणें पाहावयास बसला. डाव रंगत गेला तसा त्याचा नूर पालटला आणि हा खेळ नसून युद्धाचें खरें शिक्षण आहे, असा अभिप्राय देऊन त्यानें त्याची शिफारस साऱ्या सैन्यास केली. नियमकर्त्या तरुणाचा शेवट मात्र दुःखद झाला. १८२७ सालीं त्यानें आत्महत्या केली. ज्यानें सैन्याच्या धैर्याचीं कोष्टकें केलीं, त्याच्या स्वतःच्या निराशेला कोणतेंहि कोष्टक पुरें पडलें नाहीं.

या खेळांतील खरा शोध ठोकळ्यांचा किंवा फांशांचा नव्हता. तो पंचाचा होता. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत. शत्रूच्या ज्या तुकड्या दृष्टीच्या टप्प्यांत येत, तेवढ्याच तो नकाशावर मांडी. टेकडीमागें काय आहे तें त्याच्याशिवाय कोणास ठाऊक नसे. म्हणजे पंचाकडे दोन कामें होतीं : जें दिसूं नये तें झांकणें आणि जें घडलें तें निःपक्षपातानें सांगणें. पुढें १८७६ सालीं व्हर्डी दु व्हर्न्वा या प्रशियन सेनापतीनें कोष्टकें आणि फांसे बाजूस सारून सारा निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपविला. कोष्टक सरसकट असतें आणि प्रसंग नेहमीं वेगळा असतो, हें त्याचें म्हणणें. हें खरेंच आहे. पण त्याकरितां अनुभवी पंच घरांत हजर असावा लागतो! एकट्या खेळाडूच्या मेजाभोंवतीं दोन खुर्च्या रिकाम्या असतात, एक प्रतिस्पर्ध्याची व दुसरी पंचाची. दुसरी भरल्याशिवाय पहिली भरत नाहीं, हें सूत्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

सैनिकी शाळेंतून हा खेळ घरांत आणिला तो एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें. १९११ सालीं त्यानें जमिनीवर मांडावयाच्या खेळांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें आणि १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' म्हणजे 'लहान लढाया' हें दुसरें. शिशाचे शिपाई, लांकडी ठोकळ्यांचीं घरें, झाडांच्या डहाळ्यांचें रान आणि लांकडाची गोळी उडविणारी खेळण्यांतली तोफ एवढें त्याचें साहित्य. तोफेनें नेम धरून जो शिपाई पडेल तो मेला. हातघाईंत मात्र गणितानें निकाल. बारा वर्षांपासून दीडशें वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं हा खेळ आहे, असें त्यानें मुखपृष्ठावरच जाहीर केलें. तेव्हां माझ्यासारख्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. त्याच पुस्तकाच्या शेवटीं, खऱ्या युद्धापेक्षां हें खोटें युद्ध किती बरें, असें त्यानें कळकळीनें सांगितलें. पुढल्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें.

येथें एक आश्चर्य सांगावेंसें वाटतें. हाच वेल्स १८९८ सालीं मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी लिहून जगप्रसिद्ध झाला होता. तीन पायांचीं त्यांचीं यंत्रें आणि त्यांचा दाहक किरण यांचें वर्णन वाचून आजहि अंगावर कांटा येतो. म्हणजे विज्ञानकथा आणि चिमुकल्या शिपायांची लढाई या दोहोंचे पाळणे एकाच घरीं हालले. तथापि आपल्या मंगळवासीयांस त्यानें आपल्या दिवाणखान्यांतील लढाईंत उतरविलें नाहीं. त्या दोन भावंडांची गांठ पडण्यास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत डोनाल्ड फेदरस्टोन नांवाच्या गृहस्थानें या छंदास पुन्हां ऊर्जित दशेस आणलें. त्यानें स्वतः रणगाड्यांच्या पलटणींत नोकरी केली होती. १९६२ सालीं त्याचें या विषयावरील पहिलें पुस्तक निघालें. त्या वेळीं हे छांदिष्ट लोक गांवोगांव विखुरलेले होते आणि प्रतिस्पर्धी मिळण्याची वानवा असे. म्हणून कित्येक जण एकटेच खेळत. नकाशावरील सैन्यें एकमेकांपासून लपविण्याकरितां रिकाम्या काडेपेट्या चिकटवून त्यांचे खण करीत. प्रत्येक खण म्हणजे नकाशावरील एक चौकोन, आणि आंत ठेवलेला मणी म्हणजे एक पलटण. १९७३ सालीं फेदरस्टोननें एकट्यानें खेळावयाच्या लढायांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. एकट्यानें खेळणें ही निरुपायाची तडजोड आहे असें तोंवर समजलें जाई. त्या पुस्तकानें तिला विद्येची प्रतिष्ठा आणून दिली.

आतां माझी स्वतःची एक चूक कबूल करतों. मुलाच्या खोक्यांतील पुतळे हातीं आले तेव्हां माझ्यांतील इतिहासाच्या शिक्षकानें उचल खाल्ली आणि मीं पानिपत मांडलें. अंतराळांतील सैनिक हेच मराठे आणि यंत्रमानव हेच गिलचे, असें समजून सुरुवात केली. तारीख १४ जानेवारी १७६१. गारद्यांच्या तोफा सुरू झाल्या, डाव चढत गेला, आणि दुपारच्या सुमारास फांशानें सांगितलें कीं विश्वासरावांस गोळी लागली. मीं फांसा पुन्हां टाकला. पुन्हां तेंच. मेजाचा पाय हालला असावा, असें मनाशीं म्हणून मीं तिसऱ्यांदां टाकला. त्या वेळीं खोलींत माझ्याशिवाय कोणी नव्हतें, तरी मला शरम वाटली. ज्या लढाईचा निकाल आपल्या रक्तांत भिनलेला आहे, ती मराठी माणसानें एकट्यानें खेळूं नये. त्याचा हात भाऊसाहेबांच्या बाजूनें कलल्याशिवाय राहत नाहीं.

परीक्षक म्हणून मीं हजारों उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. सार्वजनिक परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें, क्रमांक असतो. परीक्षक लबाड असतो म्हणून ही व्यवस्था केलेली नाहीं. तो माणूस असतो म्हणून केलेली आहे. नांव दिसलें कीं चांगल्या माणसाचाहि हात अर्ध्या गुणानें सैल पडतो. एकट्या खेळाडूस हीच युक्ति हवी : आपल्याच मनापासून कांहीं तरी झांकून ठेवण्याची.

ही युक्ति विज्ञानकथेच्या लढाईंत सर्वांत सहज साधते, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं 'स्टारगार्ड' या नांवानें भविष्यकाळांतील पायदळाच्या लढायांचे नियम निघाले. १९७७ सालीं मार्क मिलर यानें 'ट्रॅव्हलर' नांवाचा खेळ तीन छोट्या काळ्या पुस्तकांत प्रसिद्ध केला. तो मूळचा मंडळीनें बसून खेळण्याचा, पण एकट्यानेंहि खेळतां येईल, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. त्याची खुबी अशी कीं फांसे टाकून अख्खा ग्रह निर्माण करतां येतो : त्याचा आकार केवढा, हवा कशी, पाणी किती, वस्ती किती, राज्यपद्धति कोणती. तसेंच फांशांवरून माणसाचें पूर्वायुष्यहि ठरतें. चार चार वर्षांच्या नोकरीचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर तो जगला कीं नाहीं याचें दान! साहस सुरू होण्यापूर्वींच नायक मरूं शकतो.

यानंतर १९८७ सालीं इंग्लंडांत रिक प्रीस्टली याचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ निघाला. जगभर गाजलेल्या या खेळाच्या पहिल्या आवृत्तींत दोन खेळाडूंशिवाय तिसरा पंच अपेक्षिलेला होता. रायस्विट्झचाच तो वारस. पुढल्या आवृत्त्यांत पंच गेला आणि दोन तुल्यबळ फौजांची चुरस राहिली. १९८९ च्या 'स्पेस हल्क' या खेळांत एक मार्मिक सोय आली. सोडून दिलेल्या प्रचंड अवकाशयानाच्या बोळांतून सैनिक चालले आहेत आणि समोरून नुसत्या सोंगट्या सरकत येतात. सोंगटी उलटल्यावरच कळतें कीं तिच्याखालीं शत्रु एक आहे, दोन आहेत कीं तीन. हा खेळ दोघांचाच. पण एकट्या खेळाडूंनीं ही कल्पना ताबडतोब उचलली.

विज्ञानकथेचें सोयिस्करपण दोन कारणांनीं आहे. पहिलें, तेथें इतिहासानें निकाल देऊन ठेवलेला नाहीं. परग्रहावर आपलें कोणी नातलग नाहीं. हात कलावा कोणाकडे? दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. फांशानें नेपोलियनच्या सरदाराकडून एखादी खुळी चाल करविली, तर तें खोटें वाटतें. तो सरदार असें करणार नाहीं, हें आपण जाणतों. परंतु सहा पायांचा परग्रहवासी ऐन विजयाच्या क्षणीं माघारी कां वळला, हें कोण सांगणार? फांशाचा लहरीपणा तेथें परकेपणाच्या रूपानें शोभून दिसतो.

आतां दोघांचे नियम एकट्यास लागू कसे करावयाचे, तें सांगतों. पहिली गोष्ट पाळीची. दोघांच्या खेळांत आधीं मी, मग तूं, असा क्रम असतो. एकट्यास तो घातक ठरतो, कारण पुढें काय येणार हें ठाऊक असतें. १९७९ सालीं लॅरी ब्रॉम या अमेरिकन गृहस्थानें वसाहतींतील युद्धांचे जे नियम केले, त्यांत पत्त्यांचा जोड वापरला होता : लाल पत्ता निघाल्यास एका पक्षाची तुकडी हालावयाची, काळा निघाल्यास दुसऱ्याची. सलग चार काळे निघाले म्हणजे काळजाचें पाणी होतें. हे पत्ते मीं जसेच्या तसे परग्रहावर नेले.

दुसरी गोष्ट लपण्याची. शत्रूचे पुतळे आधीं मांडूंच नयेत. पुठ्ठ्याच्या चकत्या कापून कांहींच्या पोटीं शून्य, कांहींच्या पोटीं एक, कांहींच्या पोटीं दोन असे अंक लिहावे, त्या पालथ्या घालून कालवाव्या आणि दारांमागें व घुमटांआड ठेवाव्या. आपला शिपाई नजरेच्या टप्प्यांत गेला कीं मग चकती उलटावी.

तिसरी गोष्ट शत्रूच्या बुद्धीची. प्रत्येक प्रसंगीं त्याच्यापुढें तीन मार्ग लिहावे : बहुधा करील तो, क्वचित् करील तो, आणि सहसा करणार नाहीं तो. फांशावर १ ते ३ पडल्यास पहिला, ४ किंवा ५ पडल्यास दुसरा, ६ पडल्यास तिसरा. हें सर्व फांसा टाकण्यापूर्वीं आणि शाईनें लिहावें. पेन्सिलीनें लिहिल्यास खोडण्याचा मोह होतो. २०२१ सालीं नव्या रूपांत निघालेल्या 'फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम' या एकट्यासाठींच रचलेल्या खेळांत शत्रूंचे स्वभावच वर्गवार दिले आहेत : कोणी चढाईखोर, कोणी सावध, कोणी जागा न सोडणारा.

चौथी गोष्ट आपल्याच शिपायांची. अलीकडच्या कांहीं नियमांत असें आहे कीं शत्रु दृष्टीस पडला, बार झाला किंवा सोबती पडला, कीं शिपाई काय करील हें खेळाडूनें ठरवावयाचें नाहीं, फांसा ठरवितो. तो आडोसा घेईल, उलट बार काढील, किंवा पळेल. पटावरच्या प्याद्यास जी भीति नव्हती ती येथें परत येते. विज्ञानकथेंत मात्र येथें थोडी दुरुस्ती करावी लागते. यंत्रमानवास भीति कसली? त्याच्यासाठीं मीं धैर्याच्या कोष्टकाऐवजीं हुकूम तुटण्याचें कोष्टक केलें : त्याचा चालक यंत्रमानव पडला तर बाकीचे शेवटला हुकूम तसाच पाळीत राहतात, मग पुढें भिंत असो वा खड्डा. माणसांच्या पोशाखांत हवा दहा पाळ्यांपुरतीच. दोघांच्या खेळांत जी घाई प्रतिस्पर्धी लावतो, ती येथें हवा लावते.

एका शनिवारची लढाई थोडक्यांत सांगतों. मेजावर लाल मुरूम पसरला, औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या इमारती केल्या, नारळाच्या करवंट्यांचे घुमट मांडले. ओसाड पडलेली खाण. तेथील दप्तराची पेटी सहा जणांनीं सोडवून आणावयाची. आठ चकत्या पालथ्या. दोन चकत्यांखालीं शून्य निघालें आणि मी निर्धास्त झालों. चौथ्या पाळींत मधल्या घुमटाशीं तिसरी चकती उलटली, खालीं दोन शत्रु. काळा पत्ता निघाला आणि माझा कप्तान पडला. हाताशीं फांसा होता. पानिपतची आठवण झाली. मीं फांसा उचलला नाहीं. कप्तान पडतांच एक शिपाई पळाला, दुसरा मात्र कोष्टकाच्या हुकुमानें सरळ दाराकडे गेला आणि पेटी त्याच्या हातीं लागली. नवव्या पाळीला दोघे जण परतले. त्या रात्रीं मला जें समाधान लाभलें तें जिंकल्याचें नव्हतें. आपल्याहून निराळें कांहीं तरी समोर होतें आणि त्यानें आपलें ऐकलें नाहीं, याचें तें समाधान होतें.

या रीतीला मर्यादा आहेत. व्हर्डीचा आक्षेप अजून जिवंत आहे. कधीं कधीं कोष्टक असा निकाल देतें कीं ज्याला कांहीं अर्थच नसतो. शत्रु उघड्या मैदानांत उभा राहतो आणि हालत नाहीं. अशा वेळीं विवेक वापरावा लागतो आणि विवेक वापरूं लागलें कीं पक्षपाताची फट पडते. मी एक बंधन पाळतों : दुरुस्ती करावयाचीच तर ती माझ्या गैरसोयीची असावी. दुसरें असें कीं माणसाच्या सोबतीची बरोबरी नियमाला येत नाहीं. २०२० सालच्या महासाथींत घरोघर माणसें कोंडलीं गेलीं, तेव्हां जगांतील पुष्कळ खेळाडू एकट्याच्या नियमांकडे वळले. दारें उघडतांच त्यांतले कित्येक पुन्हां मित्रांकडे गेले असतील, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्यांचा मित्र परत येणार नाहीं, त्यांनीं काय करावें?

त्याचें माझ्यापुरतें उत्तर सांगून संपवितों. माझ्या शत्रूच्या म्होरक्यासाठीं एक स्वतंत्र कोष्टक आहे. १ ते ३ पडल्यास तो उजवीकडून प्यादीं रेटावीं तसा नेटानें पुढें येतो. ४ किंवा ५ पडल्यास किल्लेकोट करून आंत बसतो. ६ पडल्यास एखादें मोलाचें माणूस विनाकारण देऊन टाकतो, आणि दोन पाळ्यांनंतर मला कळतें कीं कारण होतें. हा स्वभाव मीं कल्पनेनें रचलेला नाहीं; सत्तावीस वर्षांच्या शनिवारांतून तो जसा आठवला तसा उतरून घेतला आहे. परवां सहा पडले, तेव्हां नकळत माझ्या तोंडून "वा, गुरुजी!" असे शब्द गेले. समोरच्या खुर्चींत अर्थात् कोणी नव्हतें. पण पुढली चाल कोणती येणार तें मला ठाऊक नव्हतें, आणि तेवढें अज्ञान मला पुरेसें होतें.

आमच्या गल्लींतील मुलांस यंदा किल्ल्याबरोबर मीं एक फांसा दिला आहे. ५ किंवा ६ पडले तर गोळा लागला, नाहीं तर हुकला, एवढाच नियम. भांडणें थांबलीं आहेत असें म्हणवत नाहीं. मात्र आतां तीं फांशाशीं होतात.